जगात जर्मनी, कुंडीत परभणी

परभणीत गुलाबाचं रोप घेऊन रस्त्यानं जाऊ नये. वरात न्यावी, नवा बैल न्यावा, पडलेल्या उमेदवाराचा प्रचाररथ न्यावा. लोक एकदा बघतात आणि आपापल्या कामाला लागतात. गुलाबाचं तसं नाही. स्टेशन रोडच्या हातगाडीवरून रोप घेऊन, स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये धरून मी घरी निघालो, तर शिवाजी चौकातल्या गर्दीत शेजारच्या ऑटोवाल्यानं मान बाहेर काढली.

"कोन्तं हाय?"

"गुलाब."

"ते दिसायलंय की. कोन्ता गुलाब?"

"लाल."

यावर त्याच्या चेहऱ्यावर जी कीव उमटली, तसली कीव दहावीच्या निकालानंतर माझ्या वाट्याला आलेली नव्हती. तेवढ्यात मागं बसलेल्या मावशी म्हणाल्या, "काळ्या मातीत लावू नका बरं, मरतंय." ऑटोवाला म्हणाला, "मंग मुरमात लावा." मावशी म्हणाल्या, "मुरमात तर आधी मरतंय." मावशींच्या पलीकडं एक गृहस्थ मांडीवर पिशवी घेऊन बसले होते. ते शांतपणे म्हणाले, "लावूच नका. आमचं मेलं."

अशा माणसाला आमच्याकडं तज्ज्ञ म्हणतात. ज्याचा गुलाब जगला तो गप्प असतो, कारण तो कशानं जगला हे त्याला ठाऊक नसतं. ज्याचा मेला त्याच्याकडं मात्र कारणं तयार असतात आणि ती सगळी दुसऱ्याच्या रोपाला लागू पडतात. १८ मे १९७२ रोजी परभणीत कृषी विद्यापीठ स्थापन झालं, २०१३ मध्ये त्याला वसंतराव नाईकांचं नाव मिळालं. इतकी वर्षं त्या कुंपणाला लागून राहिल्यामुळं गावातला प्रत्येक माणूस बाहेरून कृषी पदवीधर झालेला आहे.

पण चूक ऑटोवाल्याची नव्हती. 'कोन्ता गुलाब' हा प्रश्न मीही हातगाडीवाल्याला विचारला होताच.

"साब, ये कश्मीरी है."

"आणि हा?"

"ये डच."

"आणि हा मधला?"

"ये बी कश्मीरीच, पन डच."

"अहो, पण ह्याचं नाव काय?"

"नाम? अस्सी रुपये."

मी साठ म्हणालो, आणि काश्मीर सत्तरला सुटलं. काश्मीर आणि हॉलंड यांच्या संगमावरची ही रोपं बहुधा आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियमहून येतात. तिथं गावंच्या गावं रोपवाटिकांवर जगतात आणि ट्रक भरभरून देशभर रोपं धाडतात. आमच्या गंगाखेडला वळसा घालून गेलेली गोदावरी पुढं त्याच मुलखातून समुद्राला मिळते. पाणी आम्ही खाली पाठवतो, गुलाब ते वर पाठवतात, आणि मधल्या मधे काश्मीरचं नाव होतं.

आता हे नावाचं खूळ माझ्या डोक्यात कुणी घातलं, तर आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या साहेबांनी. साहेब बँकेतून निवृत्त झालेले. बँकेत प्रत्येक खात्याला क्रमांक असतो तसं त्यांच्या प्रत्येक कुंडीला पत्र्याची पाटी आहे, आणि त्यावर जात, जनक, देश आणि साल. त्यांच्या फाटकाशी सकाळी दोन मिनिटं उभं राहिलं तरी जागतिक घडामोडी कळतात.

"काय साहेब, ठीक?"

"कसलं ठीक? क्वीन एलिझाबेथला भुरी आलीय."

"अरेरे."

"ख्रिश्चन डिओर माव्यानं बेजार आहे. ग्लॅडिएटर तर मान टाकून बसलाय."

त्यांच्याकडं गडद लाल, मखमली, वासाचा एक गुलाब आहे. फ्रान्सच्या मेयाँ घराण्यानं काढलेला, घरातल्या आजोबांच्या नावाचा: पापा मेयाँ. धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात त्याचं पापामियाँ केलं. "बाई, पापामियाँला पानी घातलं का?" असं वहिनींनी ओसरीतून विचारलं, की नव्या पाहुण्याला वाटतं घरात कुणी वयस्कर आजारी आहे.

"जगात जर्मनी अन् भारतात परभणी" असं आमच्याकडं लहानपणापासून म्हणतात. का म्हणतात ते विचारायचं नसतं. त्या म्हणीला पुरावा सापडला तो साहेबांच्या पाट्यांवर. क्रिमसन ग्लोरी, १९३५, कोर्देस, जर्मनी. सुपर स्टार, १९६०, टानटाऊ, जर्मनी. आइसबर्ग, १९५८, पुन्हा कोर्देस, पुन्हा जर्मनी. ह्या आइसबर्गाचं माहेरचं नाव हिमगौरी. तीच, सात बुटक्यांची. अशा गोऱ्यापान हिमगौरीला वसमत रोडच्या पत्र्याशेजारी मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत उभं करायचं, डोक्यावर लग्नातल्या मांडवाचं उरलेलं कापड धरायचं, आणि तरी ती पांढरी फुलं देते. जर्मनीनं जे केलं ते केलं, पुढचं काम परभणीचं आहे.

"आणि हा पिवळा, कडेला गुलाबी?" मी एकदा विचारलं.

साहेबांनी चष्मा वर केला. "पीस. युद्ध संपत आलं तेव्हा, एप्रिल १९४५ मध्ये, अमेरिकेत त्याचं हे नाव ठेवलं. पण फ्रान्समध्ये तो मादाम मेयाँ. इटलीत जोया. जर्मनीत ग्लोरिया देई."

"एकाच झाडाला चार नावं?"

"चार देश आहेत ना!"

मग आमच्या हातगाडीवाल्यानं काश्मीरला डच म्हटलं तर त्यानं कुणाचं काय बिघडवलं, असं मी विचारणार होतो. पण साहेब तोवर डॉ. होमी भाभांकडं वळले होते. हा आपल्याकडचा पांढरा गुलाब, १९६८ चा. काढणारे डॉ. बी. पी. पाल, गव्हाचे मोठे शास्त्रज्ञ, भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक. दिवसा गहू आणि सुट्टीला गुलाब. आमच्याकडं दिवसा गहू निवडायला बसवलेला माणूस सुट्टीत झोपतो.

साहेबांना माझा सत्तर रुपयांचा काश्मिरी दाखवला. त्यांनी पाकळी चुरगाळली, देठ मोजला, काटा बोटानं मोडला, वास घेतला आणि जाहीर केलं, "फर्स्ट रेड असावा. नसेल तर नसेल." ओळख पटवण्याचं शास्त्र इथपर्यंत आलेलं आहे. घरी आल्यावर कन्येनं मोबाइलवर एक अ‍ॅप लावून फुलाचा फोटो काढला. अ‍ॅपनं ठामपणे सांगितलं, "गुलाब." तिनं पानाचा फोटो काढला. अ‍ॅप जरा थांबून म्हणालं, "वांगं." ऑटोवाल्याहून ते फार हुशार निघालं नाही, पण निदान त्यानं कीव केली नाही.

फूल एकदाच आलं. हातगाडीवरचे सगळे गुलाब घरी येताना एक फूल उसनं घेऊन येतात. ते गळलं, मग वरच्या फांद्या काळ्या पडत खाली आल्या, आणि घरात सुतक आल्यागत शांतता पसरली. पण बुडातून एक तजेलदार हिरवा फुटवा निघाला! महिन्याभरात तो खिडकीला लागला. मी गल्लीला चहा पाजला. गल्लीनं चहा घेतला, झाडाभोवती कोंडाळं केलं आणि चौकशी समिती बसली.

समितीचे अध्यक्ष आमच्या मागच्या घरातले निवृत्त तलाठी. जमिनीचा विषय म्हणून तेच. त्यांनी एक पान धरून मोजणी सुरू केली. "एक, दोन, तीन… सात. सात पानं आहेत सर. गेलं."

"काय गेलं?"

"कलम गेलं. हा खुंट आहे."

तेव्हा कुठं उलगडा झाला. बाजारातला गुलाब म्हणजे एक झाड नसतंच, दोन असतात. खाली कुठल्या तरी दणकट जंगली गुलाबाचा खुंट, आणि त्याच्या सालीत चीर देऊन वर भरलेला नामांकित जातीचा डोळा. खालचा घरमालक, वरचा भाडेकरू. भाडेकरूनं जरा आजारपण काढलं की मालक पुन्हा सगळं घर ताब्यात घेतो आणि अंगणभर पसरतो. म्हणून कलमाच्या गाठीखालून येणारा फुटवा दिसेल तेव्हा मुळापासून ओढून काढायचा असतो. मी त्याला शेणखत घातलं होतं.

मात्र समितीत लगेच फूट पडली. साहेबांचं म्हणणं, पाच पानांचं कलम आणि सात पानांचा खुंट हा अडाणी हिशेब आहे; चांगल्या जातींनाही सात पानं येतात. फुटवा गाठीच्या वर आहे की खाली एवढंच बघायचं. तलाठीभाऊंनी पुन्हा मोजलं. आता पाचच भरली. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "मघाशी देठाचंबी धरलं असंल." मग प्रत्येकानं एकेक पान तोडून मोजायला घेतलं. समितीचा अहवाल येईपर्यंत झाडावर पाच किंवा सात असा वाद घालण्याजोगं पानच उरलं नाही.

उरल्यासुरल्या पानांचा पुढं रंग उतरला. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. ह्याला केवडा पडणं म्हणतात हे मला नंतर कळलं. तोवर मला ते शोभिवंत वाटत होतं. तज्ज्ञांना विचारावं म्हणून मी अठरा मेला विद्यापीठाच्या खरीप मेळाव्याला गेलो. स्थापनादिनाला हा मेळावा भरतो आणि जिल्ह्याजिल्ह्यातून शेतकरी येतात. उन्हानं डांबर मऊ पडलेलं, मांडवात सोयाबीन, तूर, कापूस यांची चर्चा पेटलेली. माझी पाळी आली.

"सर, माझं जरा गुलाबाचं…"

पंख्याच्या आवाजात प्राध्यापकांना शेवटची अक्षरं ऐकू गेली नसावीत. "गुलाबी बोंडअळी? कामगंध सापळे लावा. फरदड अजिबात घेऊ नका."

"नाही सर, एकच झाड आहे."

मागून एक पटकेवाले आजोबा कळवळून म्हणाले, "एकच ऱ्हायलं का रं बाबा? बाकीचं समदं खाल्लं?" आणि आजूबाजूचे चार शेतकरी मला पंचनामा कसा करून घ्यायचा ते समजावू लागले. दोन हजार सतराच्या बोंडअळीनं पोळलेली माणसं ती. त्यांच्यापुढं मी कुंडीचं दुःख घेऊन उभा होतो. घोटाळा निस्तरल्यावर प्राध्यापक हसले, आणि त्यांनी सगळं नीट सांगितलं. आपली काळी माती चुनखडीची, सामू आठाच्या वर. गुलाबाला हवा तो साडेसहाच्या आसपास. लोह मातीत असतं, पण चुन्यापायी झाडाला घेता येत नाही, म्हणून केवडा. पावसाळ्यात हीच माती फुगते आणि मुळांशी पाणी धरून बसते, उन्हाळ्यात भेगाळून मुळं तोडते. दीड फुटाचा खड्डा घ्या, माती हलकी करा, वाळू आणि कुजलेलं शेणखत घाला, हिराकस द्या, सहा तास ऊन मिळू द्या.

मला फार वाईट वाटलं. इतकं सरळ उत्तर घेऊन गल्लीत परत कसं जायचं? आणि घडलंही तसंच. "विद्यापीठात काय म्हणाले?" म्हणून सगळे जमले, मी सांगितलं, आणि एकूण एक निराश झाले. तलाठीभाऊ म्हणाले, "एवढंच? ताकाचं काही बोलले नाहीत?"

कारण खरी विद्या स्वयंपाकघरात आहे. चहाचा चोथा, केळ्याच्या साली, कांद्याच्या टरफलांचं पाणी, तंबाखूचा अर्क, आंबट ताक, ताकात हिंग. माझा स्वभाव असा की सल्ला मोडवत नाही. चोथा घालता घालता घरात चहा वाढला, आणि आई बायकोला म्हणाली, "झाडासाठी चहा प्यायलेत का चहासाठी झाड लावलंय?" मग कुणी तरी अंड्याच्या टरफलांची महती गायली. आमचं घर माळकरी. त्यामुळं टरफलं रात्री दहानंतर, वर्तमानपत्रात गुंडाळून, कोपऱ्यावरच्या ऑम्लेटच्या गाडीवरून यायची आणि अंधारात मातीआड व्हायची. एका रात्री पाऊस कोसळला. सकाळी श्रावणातला शनिवार, दारात सत्यनारायणाचे पाहुणे, आणि फाटकापासून उंबऱ्यापर्यंत वाहत आलेली पांढरीशुभ्र टरफलं. गुरुजींनी सोवळं वर धरून ती ओलांडली. आईनं माझ्याकडं पाहिलं नाही. तिनं थेट देवघराकडं पाहिलं.

एवढ्या सगळ्यातून एक कळी आलीच. खुंटाचीच, पण कळी. पाहुण्या आलेल्या आत्याबाईंनी नाक नेऊन वास घेतला आणि डोळे मिटून म्हणाल्या, "कढीला फोडणी द्यायलाव का रे?"

मधल्या काळात कन्येनं निळ्या गुलाबाचं बी मागवलं. ऑनलाइन. पाकिटावर निळा, मोरपंखी, आणि एक इंद्रधनुष्यी गुलाब छापलेला. वास्तविक गुलाबात निळेपणाचं रंगद्रव्य तयारच होत नाही. जपानच्या सनटोरी कंपनीनं वर्षानुवर्षं खपून पॅन्सीच्या फुलातलं जनुक गुलाबात घातलं, २००४ मध्ये ते जाहीर केलं, २००९ मध्ये फूल बाजारात आणलं, तरी ते जांभळटच निघालं. आणि संकरित गुलाबाचं बी लावून तोच गुलाब मिळत नाही, हे साहेबांनी तिला समजावलं. ती म्हणाली, "पण काका, चार पूर्णांक तीन स्टार आहेत." बी उगवलं, जोमानं उगवलं. कातरलेली पानं, सरळ दांडा. गल्लीत पुन्हा चौकशी समिती. ह्या वेळी मात्र एकमत झालं आणि ओळखायला कुणाला क्षणही लागला नाही. गाजरगवत.

ह्या सगळ्या नामांकितांना कंटाळून मला लहानपणचा गुलाब आठवू लागला. फिका गुलाबी, सैल बांध्याचा, दुपारपर्यंत पाकळ्या सांडणारा, पण अख्ख्या वाड्यात वास. आमच्याकडं त्याला गावरान म्हणतात. कलम नाही, खुंट नाही, पावसाळ्यात कांडी खोचली की लागतो. ग्लॅडिएटरची लांब दांडी सात फेब्रुवारीला कॉलेजच्या दारात मिरवते, पण त्याच महिन्यात आमच्या तुराबुल हक दर्ग्याचा उरूस असतो, आणि तिथं दांडी किती लांब आहे हे कुणी विचारत नाही. पाकळी आणि तिचा वास. गुलकंदही ह्याचाच करावा. पाकळ्या आणि खडीसाखर बरणीत थरावर थर देऊन गच्चीवर उन्हात ठेवायचं. जे ऊन झाड जाळतं तेच बरणीला तीन आठवड्यांत पिकवतं. परभणीच्या उन्हाला गुलाबाशी संबंधित हे एकच काम नीट जमतं.

नाशिकला मोगलांच्या काळी गुलशनाबाद म्हणत. परभणीला असलं काही कुणी म्हणायच्या भानगडीत पडलं नाही; आमच्या वाट्याला "बनी तो बनी, नहीं तो परभणी" आलं. तेव्हा गावरान गुलाब कुठं मिळेल? हातगाडीवाला म्हणाला, "वो चलता नहीं साब, उसको कोई पूछता नहीं." साहेब म्हणाले, "त्याला पाटी काय लावणार?" शेवटी बातमी लागली की मानवतला एका जुन्या वाड्यात, आडाशेजारी, झुडूप अजून आहे.

एसटीनं गेलो. वाड्याचे मालक ऐंशीच्या घरातले, अंगात बाराबंदी नसली तरी असावी असं वाटायला लावणारे. चहा झाला, पाऊसपाणी झालं, कापसाचा भाव झाला. मग मी हात जोडून म्हणालो, "आबा, एक कांडी द्या."

आबांचा चेहरा गंभीर झाला. "देता यायची नाही."

"का बरं?"

"मागून नेलेली लागत नाही. चोरून नेलेली लागते."

"मग?"

"मंग काय? चोरा."

मी उठून झुडुपाकडं जाऊ लागलो. "असं नाही," आबा म्हणाले, "मी बघायलोय की! थांबा, मी तिकडं तोंड करतो." त्यांनी पाठ फिरवली आणि मोठ्यानं विष्णुसहस्रनाम सुरू केलं. मी खिशातली कात्री काढली. एवढ्यात माजघरातून सूनबाई आल्या. "आबा, कोन हो ते झाड तोडायलंय?" आबा पाठमोरेच ओरडले, "तू आत जा गं! चोरी चालू हाय!" मी घाईनं एक फांदी कापली. आबांनी सहस्रनामात दोन ओळींच्या मधे सांगितलं, "ती कवळी हाय. पेन्सिलीएवढी जून घ्या." मी दुसरी कापली. "अजून दोन घ्या, एखादी मरंल." चोरी संपल्यावर त्यांनी स्वतः ओलं गोणपाट आणून कांड्या गुंडाळल्या, वर दोरी बांधली आणि फाटकापर्यंत पोचवायला आले. "पुन्हा या," म्हणाले, "जास्वंदीचीबी आहे."

परतीच्या एसटीत अर्थातच शेजाऱ्यानं विचारलं, "कोन्ता हाय?" मी पहिल्यांदाच छातीठोकपणे सांगितलं, "गावरान." तो म्हणाला, "मंग इकत कामून घेतला?" चोरलाय असं सांगायची सोय नव्हती.

कांड्या लागल्या. एक नाही, सगळ्या. पावसाळाभर झुडूप भिंतीवर चढलं आणि ऑक्टोबरमध्ये छाटणीचा प्रश्न उभा राहिला. आमच्याकडं पाऊस सरला की ऑक्टोबरात गुलाब छाटतात, आणि साधारण सहा-सात आठवड्यांत फुलांचा बहर येतो. बाहेरच्या अंगाला बघणारा डोळा निवडायचा, त्याच्या जरा वर, तिरपा काप घ्यायचा, कापाला मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावायची. पुस्तकात हे एका परिच्छेदात उरकतं. अंगणात तसं होत नाही, कारण अंगणात माणसं असतात.

"दसऱ्याच्या तोंडावर हिरवं झाड कापतात का?" आई.

"अजून खाली घ्या," साहेब.

"अहो, उरेल ना काही?" बायको.

"डोळा बाहेर बघायला पाहिजे," साहेब.

"तो डोळा तर माझ्याकडंच बघायलाय," तलाठीभाऊ.

प्रत्येक जण आपापल्या बाजूनं बाहेर म्हणत होता. उत्तरेकडून बघणाऱ्याला उत्तर बाहेर, भिंतीकडून बघणाऱ्याला भिंत. मी सगळ्यांचं ऐकत कापत गेलो. संपलं तेव्हा जमिनीतून गुडघाभर चार काड्या वर आलेल्या होत्या, त्यांच्या टोकांना निळा मलम फासलेला होता, आणि आईनं त्यांच्याकडं बघून "शिव शिव" म्हटलं. रस्त्यानं जाणारा प्रत्येक माणूस थांबून विचारू लागला, "मेला का?" त्यात एक ऑटोही होता.

पण कार्तिकात बहर आला. असा आला की भिंत दिसेना. थंडीनं पानावर दव, आणि पहाटेपासून वास. मी पाच वाजता उठून चहाचा कप घेऊन बाहेर यायचो, तर झाडावर कळ्या तेवढ्या असायच्या. उमललेली फुलं गायब. मला आधी वाटलं किडीचा नवा प्रकार. साहेबांनी भिंग लावून देठ तपासला आणि म्हणाले, "काप तिरपा नाही. हातानं खुडलंय."

पाळत ठेवली. कानटोपी, हातात काठी, काठीला तारेची आकडी, दुसऱ्या हातात कापडाच्या दुकानाची पिशवी. पुढच्या गल्लीतले काका. तोंडानं हरिपाठ चालू, आकडी भिंतीवरून आत. परभणीत देवाला वाहायची फुलं स्वतःच्या झाडाची चालत नाहीत, असा काही तरी नियम असावा. काकांच्या स्वतःच्या अंगणात तीन झाडं आहेत, आणि ती सकाळी आठपर्यंत फुललेली असतात. मी दिवा लावला. माणूस दचकेल असं वाटलं होतं.

"या, या," काका म्हणाले. "बरं झालं भेटलात. ही कोन्ती जात?"

"गावरान."

"वास चांगला आहे. पण मागच्या आठवड्यापासून फुलं बारीक यायलीत. खत देता का नाही?"

"देतो की."

"शेणखत द्या. अन् ताक देऊ नका हो, परवा पांडुरंगाच्या गळ्यातला हार हिंगाचा वास मारत होता."

मी काही बोलायच्या आत त्यांनी आकडीनं वरचं एक फूल अलगद खाली ओढलं, निरखलं, आणि पिशवीत टाकलं. दोन पावलं जाऊन ते परत आले.

"अन् एक सांगायचं राह्यलं. उद्यापासून आम्ही आठ दिवस नाही. कार्तिकीला पंढरपूरला चाललोत. तेवढे दिवस फुलं झाडावर वाया जातील. तुम्ही तोडून, ओल्या फडक्यात गुंडाळून, घरी सूनबाईकडं देत चला."